पेटीतली चिठ्ठी

बाबा गेल्यावर सव्वा महिन्यानं जमीरचाचा घरी आले. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत कॅसेटा. प्रत्येकीवर त्यांच्या हातानं गावाचं नाव आणि महिना लिहिलेला.

"उकंडाभाऊचा आवाज हाय यात," ते म्हणाले. "माह्याजवळ ठेवून काय करू? तुमच्या घरात पाहिजे."

चाचांचं पुसदला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. वीस वर्षं त्यांनी बाबांच्या गायन पार्टीत ढोलक वाजवली. बाबा पेटी वाजवत आणि गात. भीमगीतं, कव्वाल्या, लोक मागतील ते. कोणतं गाणं कुठं वळवायचं, मध्ये काय घालायचं, हे कधी ठरलेलं नसे. एकेक गाणं पाऊण तास चालायचं, असं मी ऐकून होते. ऐकूनच, कारण आईनं आणि मी त्यांचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. "घरचे समोर दिसले की मले सुचत नाही," बाबा म्हणत. कार्यक्रम घेत तेही लांबचे, वणी, झरी, पांढरकवड्याकडचे. पुढं मी यवतमाळला मराठी शिकवायला लागले. वाचन वाढलं तसं ते वाक्य मला अधिकच पटत गेलं. नवं काही सुचायला एकांत लागतो, तो गर्दीतही मिळवावा लागतो, असं मी वर्गात सांगायचे.

"मुकुटबनचे लोक रविवारी भाऊच्या नावानं कार्यक्रम घेऊन राह्यले," चाचा म्हणाले. "तू आन भाभी, दोघी या. आन स्टेजवर तुले चिठ्ठी वाचाची हाय."

"कोणती चिठ्ठी?"

ते हसले. मग हसायचे थांबले. "चिठ्ठी वं. भाऊची चिठ्ठी. तुले माहीत नाई?"

आई आत फरफरत्या स्टोव्हवर चहा ठेवत होती; तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. चाचांनी आवाज खाली आणला नाही. त्यांच्या लेखी लपवण्यासारखं काही नव्हतंच.

गाणं ऐन रंगात आलं की बाबा पेटीचा भाता बंद करत. चाचा ठेका चालू ठेवून विचारत, "काहून थांबले, उकंडाभाऊ?" बाबा पेटीच्या खोक्यातून घडी घातलेला कागद काढत. "घरून चिठ्ठी आली." मग ते ती वाचत. चिठ्ठी बायकोची. दर कार्यक्रमाला नवी. बायको कधी रुसलेली, कधी बनियनच्या भोकांवरून बोलणारी, कधी सासूबद्दल तक्रार करणारी. वाचून झालं की बाबा नुसता हात वर करत, आणि सगळे लोक एका सुरात म्हणत, "बाकी सगळं ठीक आहे." त्यावर ढोलकची थाप, आणि गाणं सुटलं होतं तिथून पुन्हा सुरू.

"लोकं गाण्याची नाई, चिठ्ठीची फर्माईश करे," चाचा म्हणाले. "तू ते सालं आठव. कापसाच्या गाड्या घेऊन मानसं तीन-तीन दिवस जिनिंगात रांगेत. मोजमाप बंद. भावाचं तर बोलाचंच नाही. त्याईले घरची चिठ्ठी पाहिजे होती वं. कोणाच्या का घरची असेना."

"कागदावर काय असायचं?"

"मले वाटे, कोरा राह्यते. एक डाव पाह्यलं तर अक्षरं होती. म्हटलं, भाऊनंच लिवले असन. पन तो स्टेजवरच उघडे, पह्यल्यांदा. आधी वाचली तं मजा जाते, म्हने."

आई चहा घेऊन आली. चाचांनी तिलाही रविवारचं सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी पाहाले भेटन."

मी पाचवीत असताना आईला लिहायला शिकवलं होतं. पाटीवर, शेंगा फोडता फोडता. वाक्यं जमायला लागल्यावर तिनं विचारलं, "चिठ्ठीच्या शेवटी काय लिवतेत?" मी म्हटलं, "बाकी सगळं ठीक आहे, असं लिही." तेव्हापासून बाबा कार्यक्रमाला निघाले की ती कागदाचा तुकडा पेटीच्या खोक्यात सरकवून ठेवायची. जे तोंडानं बोलवत नसे, ते त्यात. बाबांनी तिला सांगितलं होतं, "पुसदच्या स्टँडवर यष्टीची वाट पाहता पाहता माही वाचून होते." ही गोष्ट ती शेजारणींना सांगायची. नवरा स्टँडवर बसून आपलं अक्षर वाचतो, हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई विहारात गेली होती तेव्हा मी टेप काढला. बाबांचा आवाज आला आणि पहिली दहा मिनिटं मी नुसती तो ऐकत बसले. मग चिठ्ठी आली. मी आईची वाक्यं ओळखली. कोंबडी अंड्यावर बसत नाही, हे तिचं. तुमची आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, हेही तिचं. त्या प्रत्येक वाक्यामागं बाबांनी तिच्याच आवाजात दोन-तीन वाक्यं जोडलेली, बायकी सूर काढून. ती लोकांना जास्त आवडत होती. बाबांना सुचत होतं, भराभर. घरचे समोर नव्हते.

"मुकुटबन, डिसेंबर २००५" असं लिहिलेली कॅसेट मी शेवटी लावली.

"घरून चिठ्ठी आली," बाबा म्हणतात. कागद उघडल्याचा आवाज. "प्रियंकाचे बाबा, आज जाऊ नका." लोक हसतात. बाबा सूर लांबवतात, "आ-ज जा-ऊ न-का." आणखी हशा. "पहाटपासून..." इथं बाबा थांबतात. ढोलक चालू राहते. एक आवर्तन, दोन, तीन. कोणीतरी ओरडतं, "वाचा न भाऊ, का बायको मांगं उभी हाय?" मग बाबांचा आवाज येतो, नेहमीचा. "पुढं शाई सांडली बाप्पा. एक अक्षर वाचता येत नाही. पन शेवटी लिवलं हाय..." आणि सगळं मैदान म्हणतं, "बाकी सगळं ठीक आहे."

त्यानंतर त्या कॅसेटवर आणखी दोन गाणी आहेत.

आई परत आली तेव्हा मी ओट्यावर होते. "आई, आज जाऊ नका, असं तू बाबांना कधी लिहिलं होतंस?"

तिनं चपला काढल्या, नीट कडेला लावल्या. "तुले कोनं सांगतलं?"

"तू सांग."

"तू होस्टेलात होती, यवतमाळले. एम.ए.चं पह्यलं साल. मले तीन महिने झालते. एवढी मोठी पोरगी, आन मी अशी. लाज वाटे. तुह्या बापालेबी सांगतलं नव्हतं. त्या दिवशी पहाटपासून अंगावरून जायले लागलं. घरात तुही आजी, पार्टीतले दोघंतिघं आलेले. बोलता येईना म्हून लिवलं. म्हटलं, स्टँडवर वाचन, आन वापस येईन."

"मग?"

"मंग काय. सांजलोक दारात बसली. तो चौथ्या दिवशी आला. पेटीत कागदच नव्हता म्हने, पडला असन." ती उठायला लागली. "कागद पडला, त्याले तो काय करन?"

मी गप्प राहू शकले असते. ती चार वर्षं ज्या समजुतीवर राहिली होती, तिच्यावर आणखीही राहिली असती. पण बाबांनी हेच केलं होतं. मी टेप बाहेर आणला.

तिनं ऐकलं. ती तीन आवर्तनंही ऐकली. मग म्हणाली, "आणखी एक डाव लाव." पुढची दोन गाणीही तिनं बंद करू दिली नाहीत.

"लोकं हासले," ती म्हणाली.

"हो."

"त्याच्यानंतर म्या लिवलंच नाही कधी. मंग तो काय वाचे?"

"स्वतः रचायचे."

"माह्या नावानं," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

रविवारी ती आली नाही. इस्त्री करून ठेवलेलं पातळ तिनं सकाळीच पेटाऱ्यात परत टाकलं होतं. मी निघताना एक घडी घातलेला कागद तिनं माझ्या हातात दिला.

"तिथंच उघड. आधी नको."

मुकुटबनला जिनिंगच्या आवारात मंडप होता. दुपारचे चार वाजलेले, माणसं दूर कापसाच्या गंज्यांपर्यंत बसलेली. स्टेजवर बाबांचा फोटो, समोर त्यांची पेटी, मिटलेली. दुसऱ्या पेटीवर नवा माणूस गात होता. गाणं रंगात आलं तसा तो थांबला. चाचांनी ठेका सोडला नाही. फोटोकडे पाहून त्यांनी विचारलं, "काहून थांबले, उकंडाभाऊ?"

लोक हसले, पुष्कळांनी डोळे पुसले. मी माईकसमोर गेले.

"घरून चिठ्ठी आली," मी म्हटलं. टाळ्या पडल्या.

मी घडी उलगडली. अक्षर मोठं, मीच वळवून दिलेलं.

"प्रियंकाचे बाबा, तुमी म्हणाले कागद पडला. कागद पडला नव्हता. तुमी तो मुकुटबनले वाचला. मी आता आयकलं. त्या दिवशी लेकरू गेलं. मी दारात बसून होती. तुमी त्याच्यानंतर दोन गाने म्हटले. दोन्ही चांगले म्हटले. सत्यशीला."

पुढं काही नव्हतं. मी कागद उलटून पाहिला, मागेही काही नव्हतं. समोरच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मला खाली उतरायचं होतं. माईक बाजूला सारायला मी हात वर केला.

मागच्यांना भोंग्यातून नीट ऐकू गेलं नसावं. त्यांना हात दिसला. गंज्यांच्या बाजूनं आवाज उठला आणि पुढं येत गेला, शंभर-दोनशे माणसांचा, एका सुरात:

"बाकी सगळं ठीक आहे."

चाचांची थाप ढोलकवर पडली, सवयीनं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात तसाच कातड्यावर टेकलेला राहिला. तो उचलावा, हेही त्यांना सुचेना.