बारीक आटे

"काका, हात पुढे करा. आणि चिडू नका," असं म्हणत अध्यक्षबाईंनी माझ्या हातावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. सोडून पाहिलं तर आत वीतभर लोखंडी तुकडा. हातपंपाच्या रॉडचा.

अध्यक्षबाई म्हणजे बावीस वर्षांची पोरगी. दूरदेशीच्या गरीब गावांना हातभार लावायचा म्हणून विद्यापीठातल्या पोरांनी एक मंडळ काढलंय, त्याची ही यंदाची अध्यक्ष. जुनी पोरं पास होऊन जातात, नवी येतात, मंडळ चालू राहतं. मी कार्यशाळेतला फिटर. चौतीस वर्षं लेथवर उभा आहे, महिनाअखेर निवृत्त. मंडळाचे पंप मीच बनवतो. ड्रॉइंग पोरांचं, घाम माझा.

रॉड माझाच होता, यात शंकाच नको. पण त्याची दशा! टोकाचे आटे पार चेंगरलेले, वर हातोडीचे घाव, बाजूला तारेचे वेढे.

"कुठल्या गाढवानं केलं हे?" मी ओरडलोच.

"गाढवानं नाही काका, एका बाईनं. पंपवालीनं."

अध्यक्षबाई नुकतीच त्या गावी जाऊन आली होती. आमचा पहिला पंप तिथे बसवलाय, चार वर्षांपूर्वी. त्याची देखभाल करायला गावानं एक बाई नेमली होती.

"चौदा महिने पंप बंद आहे," ती म्हणाली. "रॉडचा नट झिजला. तुम्ही जास्तीचे सहा दिले होते, ते केव्हाच संपले. मग तिनं बाजारातून मिळेल तो नट आणून पाहिला. एक बसेल तर शपथ. शेवटी ठोकून बसवला, आणि रॉडच तुटला. गाव म्हणतं, हिनंच पंप मोडला. काढून टाकलं तिला. बायका पुन्हा दोन तास चालत नदीवर जातात, आणि जाता-येता तिच्याशी कुणी बोलत नाही. सख्खी बहीणसुद्धा."

मी स्टुलावर बसलो. बाजारातला नट का बसत नाही, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

झालं होतं असं. पहिला पंप बनवला तेव्हा दांड्याच्या हिसक्यांनी रॉडचे नट आठ दिवसांत ढिले व्हायचे. पोरं हिरमुसली. मी म्हटलं, थांबा, बघतो. आणि लेथवर माझ्या मनानं बारीक आटे पाडले, कुठल्याच तक्त्यात नसलेल्या मापाचे. त्यावर बसेल असा नटही मीच केला. सहा महिने इथेच आवारात पंप चालवून पाहिला, नट तसूभर हलला नाही. पोरांनी मला अक्षरशः खांद्यावर घेतलं. तेव्हापासून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, 'आटे काकांच्या मापाचे'. पुढच्या पोरांनी ते जसंच्या तसं उतरवलं. नट हरवला तर तिकडच्या माणसानं काय करायचं, हे ना त्यांना सुचलं, ना मला. मी तर मिरवत होतो, असे आटे दुसरीकडे मिळायचे नाहीत म्हणून!

"शुक्रवारी सभा आहे," अध्यक्षबाई हळूच म्हणाली. "याच ड्रॉइंगचे आणखी बारा पंप मंजूर व्हायचेत. तुमचा सत्कारही आहे. चिटणीसानं अहवालात लिहिलंय, 'स्थानिक पातळीवर देखभालीचा अभाव.' मी अजून कुणाला काही बोलले नाही. तुम्ही म्हणाल तसं करू."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी नुसतं "बघू" म्हणालो.

घरी आमची ही शिवणयंत्रावर बसली होती. माझ्या सत्कारासाठी नवा शर्ट चालला होता. मी सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "आता थोडेच दिवस उरलेत. पुढचे पंप गुपचूप सुधारून देतो. गप्प बसलो तर कुणाचं काय जातंय?"

"त्या बाईचं जातंय."

"अगं, पण चौतीस वर्षांत एक बोट दाखवलं नाही कुणी माझ्या कामाला!"

तिनं यंत्र थांबवलं. "चार वर्षं या घरात तेच ऐकतेय मी. माझे आटे, माझे आटे. मिरवायचे होते तेव्हा तुमचे होते ना? मग आता कुणाचे?"

मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

शुक्रवारी सभेच्या खोलीत तीसेक पोरं होती. मी कार्यशाळेतले नटांचे सगळे ट्रे उचलून नेले होते. लहान-मोठे, पितळी, लोखंडी, असतील नसतील तेवढे. चिटणीस अहवाल वाचायला उभा राहिला. पोरगा हुशार, बोलायला फर्डा. देखभालीच्या वाक्यावर आला तसा मी म्हणालो, "जरा थांब. हा घे रॉड. नवा आहे, त्या पंपाला बसवला तसाच. यातला एखादा नट बसव बघू."

"काका, आत्ता?"

"आत्ताच. तुम्ही इंजिनियर होणार ना? मग घाबरता कशाला?"

पोरं हसली. चिटणीसानं बाह्या सरसावल्या. एक नट झाला, दोन झाले, दहा झाले. मग बाकीचे उठले, टेबलाभोवती जमले. "हा बघ, हा बसेल." "अरे, तिरका लावतोयस." "दे इकडे, तुझ्याच्यानं व्हायचं नाही." वीस मिनिटं गेली. ट्रे उपसून झाले. हसणं केव्हाच थांबलं होतं. शेवटी चिटणीस वैतागून म्हणाला, "काका, हातोडी आहे का? ठोकून बसवतो."

आणि बोलता बोलता स्वतःच थांबला. अध्यक्षबाईंनी तो तुटका तुकडा त्याच्यासमोर ठेवला होता. त्यानं तो उचलून घेतला, घावांवरून अंगठा फिरवला आणि खाली बसला.

"तिनं हेच केलं," मी म्हणालो. "फरक एवढाच, की खरं सांगायला मी तिच्यासमोर नव्हतो. देखभालीत काही कमी पडलं नाही. खोट माझ्या आट्यांत आहे."

त्या सभेत ड्रॉइंग बदललं. साधे, दुकानात मिळतात ते आटे, आणि एकावर एक दोन नट. मधूनमधून ढिले होतील, पण कुणालाही आवळता येतील. कोपऱ्यातलं माझं नाव मीच खोडलं. सत्कार राहू द्या म्हटलं. कुणी फार ताणलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या गावाला साधा रॉड रवाना झाला. त्याआधी मी एक मागणं केलं. पंपवालीशी बोलायचंय. तिथल्या शाळेच्या मास्तरांना आपली भाषा येत होती, ते मध्ये राहून दोन्हीकडचं सांगणार होते.

फोनच्या पडद्यावर ती दिसली. माझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, ओठ घट्ट मिटलेले. मी चूक सांगितली. मास्तरांनी तिच्या भाषेत सांगितली. ती दोनच शब्द बोलली.

मास्तर म्हणाले, "ती म्हणते, गावाला सांगा."

फोन घेऊन ती बाहेर निघाली. पंपापाशी थांबली. मास्तरांनी हाका मारल्या तशी माणसं जमली. बायका मागे उभ्या राहिल्या, डोक्यावर भांडी तशीच. इकडे मी खुर्चीवरून उठलो. बसून सांगायची गोष्ट नव्हती ती.

"पंप या बाईनं मोडला नाही," मी म्हणालो. "मी मोडला. इथून पाठवला तेव्हाच मोडका पाठवला होता. तिनं केलं ते कुणीही केलं असतं. माझ्या पोरांनीही तेच केलं असतं. दोष माझा आहे."

मास्तर एकेक वाक्य सांगत गेले. ऐकता ऐकता पुढची माणसं खाली बघायला लागली. मागून एक बाई भांडं सावरत पुढे आली. नाकाडोळ्यांनी थेट पंपवालीसारखी. तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, काहीतरी बोलली. पंपवालीनं मान वळवली नाही.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"बहीण माफी मागतेय," मास्तर म्हणाले.

"आणि ही?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "ही काहीच म्हणत नाहीये."

माझ्या मागे पोरं उभी होती. कुणीच फोन बंद केला नाही. बहीण डोक्यावरचं भांडं न उतरवता तिथेच थांबली, आणि मीही इकडे उभाच राहिलो.