मंद वाऱ्याची चक्की

लग्नाआधी सूनबाई एका कंपनीत मोठमोठ्या पवनचक्क्यांची पाती आखायची. एकेक पातं एवढं लांब, की या टोकाकडून त्या टोकाला चालत जाईपर्यंत माणसाला पुन्हा भूक लागावी. लग्न होऊन ती ज्या गावात आली तिथे मात्र वाऱ्याच्या नावाने बोंब होती. गच्चीवर वेग मोजायच्या फिरत्या वाट्या लावून तिने वर्षभर नोंदी घेतल्या. सरासरी निघाली सेकंदाला तीन मीटर. इथला वारा म्हणजे जेवून उठलेला जावई. चालायचा, पण उपकार केल्यासारखा.

तरी या वाऱ्यावर चालणारी लहान पवनचक्की करायचीच, असा तिने चंग बांधला होता. त्याला कारण होता नावाडी. नदीवर थंडीत चार महिने असं धुकं दाटायचं, की परतणाऱ्या होडीला धक्का सापडायचा नाही. विजेची तार तिथवर पोचत नव्हती. सोलरचा दिवा लावून झाला होता, पण काठावर गर्द झाडी आणि वर धुकं, त्यामुळे पॅनल बिचारं नुसतंच आभाळाकडे तोंड करून बसायचं. मागच्या थंडीत होडी दगडांवर घासली. होडीत नावाड्याची बायको होती. ती गुडघाभर पाण्यातून चालत काठावर आली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली.

"ताई, दिवा नको, पण बायको बोलायला लागेल असं काहीतरी करा," नावाडी म्हणाला होता.

सूनबाईने पहिली चक्की केली ती देखणी झाली. तीन सडपातळ लाकडी पाती, गुळगुळीत घासलेली. गच्चीवर उभी केली. गल्लीतली माणसं मान वर करून बघू लागली आणि चार दिवसांनी त्यांच्या माना दुखू लागल्या. चक्की काही फिरेना.

रोज सकाळी सासरे चहाचा कप घेऊन गच्चीवर यायचे.

"फिरली का गं?"

"वारा नाही बाबा."

"झाडाची पानं तर हलतायत."

"पानांना चक्कीसारखे आत वीज करणारे मॅग्नेट नसतात."

"हां, मग पानं हुशार म्हणायची."

सासऱ्यांचा पंखे दुरुस्तीचा धंदा होता. चाळीस वर्षं त्यांनी जळलेल्या पंख्यांच्या कॉइल भरल्या. पण आताशा पंखा बिघडला की लोक नवाच आणायचे. खालच्या दुकानाचं शटर आठवड्यातून दोनदा उघडायचं, तेही आत उंदीर नाहीत ना बघायला. त्यामुळे वेळ भरपूर होता आणि तो सगळा सूनबाईच्या वाट्याला आला होता.

"माझं आयुष्य वीज घालून वारा काढण्यात गेलं," ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आणि ही आली वारा घालून वीज काढायला. घरात जमाखर्च बरोबर!"

सूनबाई हसायची, पण आतून चरफडायची. आकडे बरोबर होते. तीनतीनदा तपासले होते.

पाचव्या दिवशी सासरे गुडघ्यावर हात ठेवत स्टुलावर चढले आणि त्यांनी एका बोटाने पातं हलकेच फिरवलं. ते सरकलं, अडलं, पुन्हा सरकलं, पुन्हा अडलं.

"ही अडखळतेय."

"मॅग्नेट कॉइलमधल्या लोखंडाला धरून ठेवतात ना, म्हणून. पण ती ओढ अगदी नगण्य आहे बाबा. कागदावर दाखवते हवं तर."

"आणि तुझा वारा?"

सूनबाईने रेंगाळत फिरणाऱ्या वाट्यांकडे पाहिलं.

"तोही नगण्यच ना? मग दोन नगण्यांची कुस्ती लागलीय. आधीच ठाण मांडून बसलेला जिंकणार. लोखंड काढून टाक."

"मग वीज कमी मिळते. म्हणून तर ठेवलं."

"न फिरणाऱ्या चक्कीपेक्षा किती कमी?"

ती तरातरा खाली गेली, जेवणात मीठ घालायला विसरली आणि संध्याकाळी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, लोखंडाशिवाय नऊ कॉइल भरून द्याल? चपट्या हव्यात. मी त्यांच्यावर दगडासारखं घट्ट होणारं रेझिन ओतून त्या बसवीन."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. "बघू, वेळ मिळाला तर," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या मिनिटाला शटर पूर्ण वर केलं.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं की सासरे खेकसायचे. एका कॉइलला ऐंशी वेढे, मध्येच कुणी "चहा घेता का?" विचारलं की मोजणी चुकायची आणि सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, त्रेसष्ट झाले की चौसष्ट?" सूनबाई दारातून साळसूदपणे विचारायची.

"जा बघू तिकडे! वाऱ्याची मापं घे!"

तिनेही पाती नव्याने कोरायला घेतली. आधीची पाती वेगाने फिरायला बनवलेली होती, पण फिरायला सुरुवात कशी करायची हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आता तिने ती बुंध्याशी चांगली रुंद ठेवली आणि तिथे जास्त पीळ दिला, म्हणजे दमलेल्या झुळकीलाही हात घालायला जागा मिळेल. ती जरा बेढब झाली. नवरा म्हणाला, "वल्ह्यासारखी दिसतायत." तिने त्याला घासकागद दिला आणि कामाला लावलं.

दुसरी चक्की गच्चीवर चढली त्या सकाळी वाट्या सेकंदाला दोन मीटरपेक्षा थोडासाच जास्त वेग दाखवत होत्या. सासरे कप घेऊन आले, सवयीने "फिरली का गं?" म्हणाले आणि वर बघून तसेच उभे राहिले. पाती फिरत होती. आवाज नाही, घाई नाही. चहावर साय आली तरी कप तसाच हातात होता. सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सासरे डोळे पुसत असताना त्यांच्याकडे बघू नये, एवढं शहाणपण तिच्याकडे होतं.

दुपारपर्यंत गल्लीभर बातमी पोचली: "आमची चक्की" फिरली. "आमची" या शब्दात सूनबाईचा वाटा साधारण कॉइलमधल्या लोखंडाएवढा होता.

नदीकाठी, झाडांच्याही वर जाईल अशा उंच खांबावर चक्की बसवली. पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवा लावायचं ठरलं. सासऱ्यांच्या आमंत्रणावरून निम्मी गल्ली आली. धुकं उतरलं आणि वारा साफ पडला. एक पान हलेना. चक्की जागच्या जागी थिजलेली.

लोक एकमेकांकडे बघू लागले. सासरे दोन पावलं मागे सरकले. "सूनबाईची चक्की आहे ही," ते शेजाऱ्याला हळूच म्हणाले.

"सकाळपर्यंत आपली होती ना बाबा?" तिने विचारलं आणि खांबाजवळची पेटी उघडून बटण दाबलं.

दिवा लागला. धुक्यात पिवळा, भला मोठा गोळा उमटला. लोक वर थांबलेल्या पात्यांकडे बघत, पुन्हा दिव्याकडे बघत.

"चार दिवस थोडी थोडी वीज बॅटरीत साठवलीय," ती म्हणाली. "दिवा लावायच्या वेळेलाच वारा यावा, एवढी अपेक्षा मी या गावाकडून ठेवत नाही."

थोड्या वेळाने वल्ह्यांचा आवाज आला आणि होडी कुठेही न घासता सरळ धक्क्याला लागली. नावाड्याची बायको कोरड्या पायांनी उतरली. तिने दिव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "जरा उजवीकडे लावला असता तर पायरीवर उजेड पडला असता," ती म्हणाली.

नावाड्याचा चेहरा उजळला. वर्षभरातलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

तिच्यामागून एक म्हातारा उतरला. पलीकडच्या काठावरचा धक्का तो सांभाळायचा. चक्कीभोवती दोन फेऱ्या मारून त्याने असली एक तिकडेही मिळेल का, असं विचारलं.

"तिकडे वारा कसा आहे?" सूनबाई म्हणाली.

"इथल्यापेक्षा कमीच."

तिने कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी मात्र म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "हे बघा, वेढे वाढवावे लागतील," ते सांगू लागले, "नव्वद, कदाचित पंच्याण्णव. पाती अजून रुंद. सकाळच्या होडीने आम्ही दोघं येतो मापं घ्यायला." मग सुनेकडे वळून जरा चाचरत म्हणाले, "येतो ना गं?"