नऊ नंबरचा उजवा

फुग्याला हे नाव कारखान्यानेच दिलं होतं. रबरी हातमोज्यांच्या त्या कारखान्यात तो तपासनीस होता. म्हणजे दिवसभर एकेका मोज्यात हवा भरायची, मनगटाशी पिळून धरायचं आणि गालाजवळ नेऊन कुठून फुस्स होतंय का ते बघायचं. झालं तर कात्री, नाही झालं तर शिक्का. नऊ नंबरचा उजवा मोजा फुगला की करंगळी बाहेर वाकडी व्हायची. ती फुग्याच्या बाबांची करंगळी होती.

बाबा तरुणपणी मळ्यावर रबराच्या झाडांना तिरकी चीर देऊन वाटीत चीक गोळा करायचे. तिथे ते झाडावरून पडले आणि उजवी करंगळी कायमची वाकडी झाली. चीक काढायला झाडावर चढावं लागत नाही. बाबा का चढले होते, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढे ते कारखान्यात आले आणि सगळ्यांत मोठा पंजा म्हणून त्यांच्याच हातांवरून नऊ नंबरचे चिनी मातीचे साचे झाले, करंगळीसकट.

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. आत्याचा रोज फोन यायचा.

"रडलास का?"

"नाही, आत्या."

"डोळ्यांनाही मोजे चढवलेस की काय?"

फुग्या "बघतो" म्हणायचा आणि कामावर जायचा. तिथे साखळीला टांगलेले बाबांचे एकशे वीस उजवे हात ओळीने चिकात बुडत, निथळत आणि भट्टीत शेकायला जात. फुग्या त्यांच्यासमोर बसून डबा खायचा. चव लागत नव्हती, पण तो डबा संपवायचा.

सतराव्या दिवशी फोरमन म्हणाला, "उद्या नवे साचे येतायत, सरळ करंगळीचे. जुने आज फोडायचे."

"त्यातला एक मला द्या."

"साचा गेटबाहेर जात नाही. बाप गेला तरी नाही." मग फोरमनला आपण काय बोललो ते कळलं. "म्हणजे, नियम आहे तसा."

"हो ना," फुग्या म्हणाला. "बाप गेला, साचा जात नाही."

फोरमनने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि संध्याकाळपर्यंत टाळत राहिला. तेवढ्या वेळात फुग्याने एक उजवा साचा साखळीवरून उतरवला आणि चौदा वेळा चिकात बुडवला. जाड, पिवळट पंजा तयार झाला. बाहेर हातोडे सुरू झाले होते. त्याने घाईने मोजा कच्चाच ओढून काढला, भट्टीत लटकवून पक्का केला आणि साचा फोडायला देऊन टाकला.

फुग्या मोजा घेऊन निघाला, तेव्हा फोरमनने सदोष माल कापायच्या नियमाप्रमाणे त्या मोज्याला कात्री लावली. कात्री चालेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. मग गेटपासवर लिहिलं, 'सदोष मोजा, एक. कापला जात नाही, सबब बाहेर.'

घरी आईने मोजा मांडीवर घेतला, करंगळी चाचपली आणि म्हणाली, "हा डावा आहे."

फुग्याने पाहिलं. डावाच होता. साच्यावरून ओढताना प्रत्येक मोजा उलटा निघतो आणि उजव्याचा डावा होतो, हे कारखान्यात झाडूवाल्यालाही माहीत होतं. फुग्याच्या टेबलावर मात्र नऊ वर्षं मोजे उतरवणाऱ्या मावशींनी सुलटे करून ठेवलेलेच मोजे येत होते. दोघांनी तो उलटवायचा प्रयत्न केला. आईने पाय लावला, फुग्याने दाराची कडी वापरली. मोजा हलला नाही.

"जगात एवढा एकच उरलाय," फुग्या म्हणाला. "आणि तो चुकीचा."

"रस्ता ओलांडताना मला डावाच द्यायचे," आई म्हणाली. "उजव्यात पिशवी असायची."

"पण वाकडी उजव्याची होती."

"असू दे."

कोपऱ्यात बाबांची काठी होती, खाली रबरी टोपी लावलेली. आईने मोजा तिच्या मुठीवर चढवला. घट्ट बसला. काठी आता भिंतीला टेकून हात वर करून उभी होती, वर्गात उत्तर येत असल्यासारखी.

फुग्याने सवयीने वाकून गाल मोज्याजवळ नेला आणि ऐकलं.

"फुस्स होतंय का?" आईने विचारलं.

"नाही."

फोन वाजला. आत्याचा होता. फुग्याने गाल हलवला नाही.

"तू घे," तो म्हणाला. "सांग, तपासणी चालू आहे."