परवानगीने दर्शन

आमचं देऊळ खाजगी आहे की सार्वजनिक, हे ठरवायला न्यायालयाला अकरा वर्षं लागली. देऊळ म्हणजे तरी केवढं? एक गाभारा, समोर दहा माणसं दाटीवाटीने बसतील एवढा मंडप आणि मागे आत्याची खोली. पण आपण हे कुणासाठी बांधतोय, ते पणजोबांनी कागदावर कुठेच लिहून ठेवलं नाही. त्यांच्या या एका आळसावर दोन वकिलांची मुलं शिकून मोठी झाली.

एका बाजूला माझे काका. त्यांचं म्हणणं, देऊळ घराण्याचं. दुसऱ्या बाजूला भाविक मंडळ. त्याचे अध्यक्ष कापडदुकानदार. त्यांनी देवाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पंचनाम्याच्या दिवशी. कायद्यात देव कायमचा अल्पवयीन असतो म्हणे. त्याच्या पालकत्वासाठी हे दोघे हमरीतुमरीवर आले होते आणि दोघांपैकी एकानेही त्याला कधी अंघोळ घातली नव्हती. ती तीस वर्षं आत्या घालत होती.

आत्या काकांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, तेव्हा घरात जागा नाही म्हणून तिला देवामागची खोली मिळाली. घरात तेव्हा सात खोल्या होत्या. काकांनी आता तिला शब्द दिला होता की देऊळ खाजगी ठरलं तर ती खोली मरेपर्यंत तुझी. सार्वजनिक ठरलं तर खोली मंडळाच्या ताब्यात जाणार, आणि आत्याला दुसरीकडे कुठेच थारा नव्हता. खाजगी ठरलं तर त्या मालकीत माझाही वाटा होता, त्यामुळे माझी न्यायबुद्धी त्या काळात जरा आजारीच असायची.

आमच्या वकिलांनी सगळा खटला एका मुद्द्यावर आणून ठेवला. बाहेरचे लोक हक्काने येतात की घरच्यांच्या परवानगीने? परवानगीने येत असतील तर देऊळ खाजगी. झालं, काकांनी दारात वही ठेवली. नाव, वेळ, परवानगी दिली की नाकारली, आणि सही. वही सांभाळायला अर्थातच आत्या. वर्षानुवर्षं चपला काढून सरळ आत शिरणारी माणसं आता दारात नाव सांगत ताटकळू लागली. कोपऱ्यावरचा न्हावी एकदा म्हणाला की पोलीस ठाण्यातसुद्धा इतकं विचारत नाहीत. चार वर्षांत वह्यांचा गठ्ठा झाला आणि वकिलांनी तो मोठ्या दिमाखात न्यायालयात दाखल केला. वाचला मात्र नाही. आत्याचं अक्षर सुरेख आहे, तेवढं त्यांना पुरलं.

साक्षीसाठी काकांनी तिला पंधरा दिवस पढवलं. मीही बसलो पढवायला. ती सगळं मान खाली घालून ऐकून घ्यायची.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी वही उघडली. चार वर्षांत परवानगी किती जणांना नाकारली, असं त्यांनी विचारलं. एकालाही नाही, आत्या म्हणाली. देवाला भेटायला आलेल्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं, असं तिने वर त्यांनाच विचारलं. काकांनी डोळे मिटून घेतले. मग वकिलांनी एक पान तिच्यापुढे धरलं.

"रोज पहाटे पहिलं नाव तुमचंच आहे. तुम्ही तर घरच्या ना?"

"बाहेरच्यांनी नाव लिहायचं, असं दादा म्हणाला होता," आत्या म्हणाली. "हक्कसोडपत्रावर सही घेतली तेव्हा त्यानेच सांगितलं, आता यात तुझं काही नाही. मग मी बाहेरचीच की. रोज माझं नाव लिहिते, मीच मला परवानगी देते आणि आत जाते."

लोक हसले. मीही हसलो, त्याची मला अजून लाज वाटते.

देऊळ सार्वजनिक ठरलं. निकालपत्रात आत्याच्या साक्षीवर दोन पानं आहेत आणि तिला 'अत्यंत विश्वासार्ह साक्षीदार' म्हटलं आहे. मंडळाने पहिल्याच बैठकीत, पहिल्याच ठरावाने तिचे जाहीर आभार मानले आणि दुसऱ्या ठरावाने तिची खोली कार्यालयासाठी घेतली. नोटीस द्यायला अध्यक्ष स्वतः आले, एवढं त्यांचं सौजन्य. काकांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

मी गेलो तेव्हा ती लुगड्यांच्या घड्या घालत होती. मी चिडून विचारलं की एक वाक्य इकडचं तिकडे केलं असतं तर काय बिघडलं असतं. ती म्हणाली, शपथ देवाचीच घ्यायला लावली होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याच्याचसमोर जायचं होतं.

मी म्हणालो, "माझ्याकडे चल, काही दिवस."

"काही दिवस म्हणजे किती, ते आत्ताच सांगून टाक रे," आत्या म्हणाली. "नाहीतर मी ते घर समजून बसेन."

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. तिने पुढचं लुगडं घडीला घेतलं.