शेण लावलेल्या काड्या

तानुबाईला कोणी सूपभर डाळ दिली तरी ती आधी त्यात खडे शोधायची. आणि देणारी जर तिची थोरली जाऊ रुक्मिणीबाई असली, तर खडा सापडेपर्यंत शोधायची.

दोघींचा अबोला जुना होता. वडनेर भोलजीतल्या त्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तांब्याचं घंगाळ रुक्मिणीबाईकडे गेलं. एवढंच कारण. नवरे एकमेकांचे बैल नेत, एका चिलमीत दोघांचं भागवत, पण बायका एकमेकींच्या दारात पाऊल टाकत नव्हत्या. आता घंगाळापायी कोणी इतकं ताणतं का? पण ताणलं खरं.

फक्त तानुबाईचा जीव भिंतीपलीकडे अडकला होता. तिची एकुलती एक लेक वच्छी दिवसभर मोठ्या मायकडेच, म्हणजे या थोरल्या काकूकडेच, पडलेली असायची. पोरीला मोठ्यांच्या अबोल्याशी काय घेणं? तिनंच कुठूनशी काडी आणून रुक्मिणीबाईच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर देशी गुलाब लावला. पुढच्या वर्षी पोर तापात गेली, झाड राहिलं. ते फुललं की वास भिंतीवरून इकडे यायचा, आणि तानुबाई हातातलं काम सोडून उभी राहायची. वच्छीचं म्हणावं असं दुसरं काही उरलंच नव्हतं.

मग गावात विजेचे खांब आले आणि थोरल्या अर्जुनरावांच्या डोक्यात पिठाची गिरणी शिरली. जागा ठरली न्हाणीची. तानुबाईच्या नवऱ्यानं, तुळशीरामानं, जेवता जेवता खाली मान घालून हे सांगितलं.

"झाड उपटून आना मंग," ती म्हणाली.

"मुळं पार फरशीखाली गेली. उपटलं की मरते ते. वयनी काड्या देते म्हने."

दुसऱ्या दिवशी तो गुलाबाच्या काड्यांची जुडी घेऊन आला. तानुबाईनं ती उजेडात धरून उलटीपालटी केली. पानं काढलेली, काटेही एकूण एक खरवडलेले, आणि प्रत्येक काडीच्या एका टोकाला शेणाचा गोळा.

"काटे काऊन काढले तिनं?"

"तुले टोचू नये म्हनून असन."

"माह्या हाताची एवढी काळजी कवापासून लागली तिले?"

काट्यांवर ती दिवसभर विचार करत राहिली. शेणात मात्र तिला काही वावगं दिसलं नाही. शेण म्हणजे खत आणि खत मुळाला, हे काय कोणी सांगावं लागतं? तिनं परसात माती भुसभुशीत केली, शेणाचं टोक खाली घालून एकेक काडी रोवली, वर सावलीला कापसाच्या वाळक्या पळाट्या घातल्या आणि सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालू लागली.

काही दिवसांनी दोन काड्यांना कोंब फुटले. तानुबाई हरखली. पण जवळ जाऊन बघते तर कोंब आधी मातीकडे निघालेले आणि मग वळून वर आलेले. असा कोंब तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"हे सरळ काम नाई," ती तुळशीरामाला म्हणाली. "करनी केली तिनं."

"करनी कायची वं? गुलाब हाय तो."

"मंग पाहा ना, जमिनीत मुंडी घालून राह्यला."

आठवड्याभरात ते कोंबही सुकले. तिनं काड्या उपटल्या. खालची टोकं काळी पडून कुजली होती. मुळाचा एक धागा नव्हता. तिथंच तिचा हिशोब लागला. जावेनं काड्या उकळत्या पाण्यातून काढून पाठवल्या. पोर तिच्याकडं रमायची, आता पोरीचं झाडही दुसऱ्या दारी लागू द्यायचं नाही, हाच डाव.

"एकडाव इचारून तं पाह्य," तुळशीराम म्हणाला.

"मी कायले इचारू? खोटंच सांगन ते."

रुक्मिणीबाईनं काही न विचारता दुसरी जुडी पाठवली. पुन्हा तसेच काटे काढलेले, तसंच शेण. तानुबाईनं ती सरळ चुलीत घातली. त्यावर भाकरी भाजली आणि पोटभर खाल्लीसुद्धा.

पुढच्या सोमवारी भिंतीपलीकडून पहारीचे घाव ऐकू आले. तानुबाईनं कान झाकून घेतले, पण हातांनी कुठं आवाज थांबतो? शेवटी ती उठली, पदर खोचला आणि इतक्या वर्षांनी जावेच्या दारातून आत गेली. तोंडावर सांगणार होती, बाई, पोरीची शेवटची खूण तुमी मारली.

न्हाणीच्या जागी मातीचा ढीग होता. गुलाब मुळं वर करून आडवा पडला होता. पलीकडे सावलीत रुक्मिणीबाई डालड्याचा एक डबा पुढ्यात घेऊन बसली होती. डब्यात गुलाबाच्या तीन काड्या. दोन वाळलेल्या, एकीला लालसर पालवी. आणि तिन्हींच्या डोक्यावर शेण.

तानुबाईची शिवी तोंडातच राहिली.

"शेन वर?" तिनं विचारलं.

"वरच असते. कापलेलं तोंड वाळू नये म्हनून लावतात." रुक्मिणीबाईनं मान वर केली आणि जावेचं तोंड बघून तिला कळलं. "तू खाली घातलं?"

तानुबाईनं डब्यातल्या काड्यांकडे बघत मान हलवली.

"अवं, उलट्या लावल्या तू. काट्याचं टोक खाली वाकलेलं राह्यते, काटे असते तं दिसलं असतं तुले कोनती बाजू वर ते. मीच काढले." तिनं डब्यातली माती बोटानं दाबली. "दुसऱ्या जुडीतलं तं काही लागलं असन?"

खोटं बोलता आलं असतं. वाळल्या म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं?

"चुलीत घातली," तानुबाई म्हणाली.

रुक्मिणीबाईनं डोळे मिटून घेतले. तानुबाईनं डब्याकडे हात केला तसा तिनं तो झटकन मांडीवर ओढला.

"हा नाई देत."

तानुबाईच्या मनानं लगेच फणा काढला. बघा, शेवटी आलंच पोटातलं ओठावर.

"तुह्याकडं मरन हा. इथंच राहू दे. तू येत जाय रोज. माह्यासंगं नको बोलू, पन त्याले पानी घालून जात जाय."

तानुबाईनं त्या बोलण्यातही खडा शोधला. खूप शोधला. एवढं सरळ कोणी बोलतं यावर तिचा विश्वासच बसेना. शेवटी तिनं विचारलं, "मी रोज आली तं चालन तुमाले?"

"वच्छी कोनाले इचारून येत होती?" रुक्मिणीबाई म्हणाली.

तानुबाई त्या ओल्या मातीच्या ढिगाजवळ मटकन खाली बसली. पोर गेली तेव्हा दोघी आपापल्या घरात रडल्या होत्या. आज एकाच अंगणात रडल्या, आणि मजुरांनी पहारी टेकवून तोंडं दुसरीकडे वळवली.