मारोशच्या पाटीपाशी

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मारोशच्या पाटीपाशी जायचं, हे स्कीच्या क्लबात कुणी ठरवलं होतं ते आता कुणालाच आठवत नव्हतं; मोडायची मात्र कुणाची छाती नव्हती. मारोश कोसळत्या बर्फाखाली गेला, त्याला ज्या दगडाशी उकरून काढलं त्याच दगडावर मित्रांनी पितळी पाटी ठोकली. म्हणजे ज्या उतारानं माणूस नेला, त्याच्या बरोबर पायथ्याशी सगळा क्लब दर वसंतात टोप्या काढून उभा. झोफियाला हा शहाण्यांचा वेडेपणा दर वर्षी दिसायचा. पण ती रांगेत मागे असायची, आणि मागच्या माणसाचं मत कुणी विचारत नाही. यंदा म्हाताऱ्या म्होरक्याचा गुडघा गेला आणि पुढारपण तिच्या गळ्यात पडलं.

रात्रभर ढग होते, थंडी पडलीच नव्हती. एरवी या दिवसांत सकाळी बर्फ फरशीसारखा कडक असतो. उन्हं चढून तो सैल पडायच्या आत जाऊन यायचं. आज तो गोठलाच नव्हता. झोफियानं काठी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली.

"इथेच थांबू," शेवटच्या झाडांपाशी ती म्हणाली. "पाटी दिसते इथून."

"दिसण्यापुरतंच असतं तर भिंतीवर फोटो लावून घरी बसलो असतो," एर्विन म्हणाला.

एर्विन मारोशचा जिवलग. निदान मारोश गेल्यापासून तरी. जिवंतपणीचं शेवटचं वर्ष दोघांनी एकमेकांशी न बोलता काढलं होतं. त्याची परतफेड एर्विन आता दर एप्रिलला करायचा, आणि हप्ता चुकवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"बर्फात काठी घालून बघ एकदा," झोफिया म्हणाली.

"काठी कसली घालतेस? काकू आल्यात. सत्तरीला टेकलेली बाई स्की बांधून इथवर चढली. सांग त्यांना, मुलाला लांबूनच हात करा म्हणून. सांग की."

सगळ्यांनी हेडविगा काकूंकडे बघितलं. मारोशची आई काठ्यांवर रेलून धाप टाकत होती. ती काही बोलली नाही. झोफियाला वाटलं, इथेच आपण हरलो. या म्हातारीच्या गप्प बसण्यापुढे क्लबात आजवर कुणाचं चाललेलं नव्हतं.

"मी पुढे होऊन पाटीवरचा बर्फ काढतो," एर्विन म्हणाला आणि कुणी हो-ना करायच्या आत निघालाही.

उताराखालून आडवा जात तो मध्यावर पोचला तेव्हा वरच्या काळ्या खडकांखालून बर्फाची एक गोळी सुटली. लिंबाएवढी. घरंगळत, अंगावर बर्फ गुंडाळत ती गाडीच्या चाकाएवढी झाली आणि एर्विनच्या पाठीमागून खाली गेली. मग दुसरी. मग एकदम तीन.

मागचे दोघे तरुण त्याला आणायला सरसावले. झोफियानं काठी आडवी धरली.

"कुणी हलायचं नाही. तो गाडला गेला तर उकरायला आपण उरलो पाहिजे. फावडी काढा. गळ्यातली शोधयंत्रं चालू आहेत ना, बघा." मग तिनं हाक दिली, "एर्विन, मागे फिर."

"आता काय, पोचलोच."

"फिर म्हणते ना."

तो ढिम्म. तेवढ्यात काकूंचा आवाज आला, जेवायला हाक मारावी तसा. "एर्विन, परत ये. मला नाही यायचं तिथे."

एर्विन थांबला. "काकू, तुमच्यासाठी तर चाललोय."

"आणि मी तुझ्यासाठी येते, दर वर्षी. मला तिथे कधीच यायचं नव्हतं. ये परत."

तो वळायला लागला. ओल्या बर्फात लांब स्की वळवणं म्हणजे चिखलातून खाट फिरवणं. एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तो वाकून हातानं बर्फ उपसू लागला. वरून आणखी एक चाक आलं, त्याच्या काठीला घासून गेलं. झोफिया त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर खडकांखाली होती, उतार फाटला तर तिथून फाटेल म्हणून.

पाय सुटला. तो आला, आला, आणि झाडाला धरून बसला. चेहरा पांढराफटक.

सगळे उताराकडे बघत राहिले. काही कोसळलं नाही.

"पडलं का काही?" घोटभर चहा पोटात गेल्यावर एर्विन म्हणाला. "उगाच सगळ्यांना घाबरवलंस."

"नाही पडलं," झोफिया म्हणाली. "आणि मी उद्याही हेच सांगेन."

"बोललात का नाही काकू इतकी वर्षं?" एर्विननं विचारलं.

"तुम्हा पोरांना बरं वाटत होतं. मला वाटलं, थोडं सोसावं." काकूंनी नाक पुसलं. "तुम्ही डोळे मिटून उभे, आणि मी वर बघत. बर्फ आता सुटेल, मग सुटेल. त्या जागी मी माझ्या पोराचं नावसुद्धा कधी मनात घेतलं नाही रे."

एर्विननं मान खाली घातली. त्यानं बसल्या जागीच टोपी काढली. मग एकेक करून सगळ्यांनी.

काकूंनी डोळे मिटले. वर बघायला झोफिया होती.