लाल कुसाच्या धानावरचा डाग

मुलचेऱ्याजवळच्या धान संशोधन केंद्रात निंदणीला, तण काढायला, यायला लागून बुधरीबाईला अठ्ठावीस वर्षं झाली होती. आता पाठ सरळ होत नव्हती. तरी यंदा तिनं घरचं लाल कुसाचं, लाल कुसळाच्या दाण्यांचं, धान आणून केंद्रातल्या तरुण संशोधक साक्षीच्या हातावर ठेवलं होतं. मुलगा बाजारचं बियाणं पेरायचा; आपण गेलो की हे धान संपलं, हे ती जाणून होती. करपा रोगाच्या परीक्षेत टिकलं, तरच केंद्र ते जपणार होतं.

साक्षीनं करप्याच्या बुरशीतलं विषारी प्रथिन बिनसुईच्या सिरिंजनं तिच्या आणि बाजारच्या, दोन्ही धानांच्या कुंड्यांतल्या पानांत भरलं. मंगळवारी सकाळी बुधरीबाई शेडात आली आणि कुंड्यांवर वाकली. शेजारचं बाजारी धान हिरवंगार होतं. तिच्या धानाच्या पानांवर मात्र, सिरिंज टेकली होती तिथंच, तपकिरी जळके डाग.

करप्यानं अख्खी बांधी, बांधातलं सगळं धान, पांढरी केली त्या साली, सासूबरोबर तिनं पदर भरभरून रोगट पानं खुडली होती. आताही तिचे हात आपोआप चालले. साक्षी येईपर्यंत पानं शेडाबाहेर चरणाऱ्या बकरीच्या पोटात.

"आजी, पानं कुठी गेली?"

"जळली होती. खुडली."

साक्षीनं कपाळाला हात लावला. "काऊन खुडली? जळली म्हणजे पास झाली ना! तुमच्या धानानं विष ओळखलं. ओळखलं की तेवढी जागा ते स्वतःच मारून टाकते. मंग बुरशीले पुढं जायले जिवंत काही भेटतच नाई. ते हिरवं दिसते ना, त्याले काही समजलंच नाई."

"जळलं ते पास? उलटीच शाळा तुमची."

"फोटोशिवाय साहेब मानत नाईत. अन् जपायच्या धानांची यादी शनिवारी जाते."

प्रत्येक कुंडीत एखादं कोवळं पान उरलं होतं. साक्षीनं पुन्हा सिरिंज भरली. बुधरीबाईनं पान धरलं.

"दाब, बाई. नीट जळू दे."

तीन दिवस ती शेडाच्या दारात काठी घेऊन बकऱ्या हाकलत बसली. शुक्रवारी डाग उमटले. साक्षीनं फोटो काढले.

"राह्यलं आजी, तुमचं धान! आता केंद्र जपते त्याले."

बुधरीबाईनं एका डागावरून बोट फिरवलं.

"मंग उद्यापासून मी नाई आली तं चालते?" ती म्हणाली, आणि निंदणीचं खुरपं साक्षीच्या टेबलावर ठेवलं.